डेअरीसमोरची सपाट जागा

कुणाला दारूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं. आमच्या काकांना दुसऱ्याच्या गाडीतलं इंजिन ऑइल तपासण्याचं व्यसन होतं. दुसऱ्याच्या, हं! स्वतःच्या गाडीचं तर ते तपासायचेच, पण त्याचा कुणाला त्रास नव्हता. त्रास आम्हाला होता, म्हणजे त्यांच्या घरात राहणाऱ्या, त्यांच्या ओळखीच्या आणि नुसत्या त्यांच्या तावडीत सापडलेल्या सगळ्यांना. एकदा पार्सल द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी बॉनेट उघडायला लावलं होतं. तो बिचारा सही घ्यायला आला होता.

वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या पश्चिमेकडच्या टेकडीवर त्यांचं घर. वर ते एकटे, खालच्या दोन खोल्यांत मी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लांब उत्तरेला, टौरंगाला. मी पुण्याहून शिकायला आले, शिक्षण संपून नोकरीला लागले, आणि कुणीतरी म्हणालं की हटमध्ये एक मराठी काका जागा देतात, माणूस चांगला आहे, फक्त जरा हे आहेत. "हे" म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. ते पहिल्याच रविवारी कळलं.

सकाळी दार वाजलं. दारात काका. अर्धी विजार, वर लोकरीचा स्वेटर, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता, आणि हातात फडकं.

"काय गं टेस्टर, गाडी काढ. तेलाची पट्टी बघू."

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, एवढं त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून माझं नाव टेस्टर. ते स्वतः पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात होते, म्हणून आमचा दोघांचा धंदा एकच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

"इथंच बघा ना काका, गाडी समोरच आहे."

"इथं? या उतारावर? तेल एका बाजूला जाणार, पट्टी भलतंच दाखवणार. चढ-उतारावर कधी वाचायचं नाही."

आता टेकडीवरच्या घराचा ड्राइव्हवे उतरताच असणार. आमची सगळी गल्लीच उतरती होती. काकांनी गवंड्याची लेव्हलची बाटली घेऊन पूर्वी कधीतरी सगळा परिसर धुंडाळला होता आणि त्यांना एकच जागा पसंत पडली होती: टेकडीच्या पायथ्याशी, डेअरीसमोर. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. त्याच्या दारातली गिऱ्हाइकांची पार्किंगची जागा ही काकांची प्रयोगशाळा. दुकानवाल्या गुजराती बेन पहिल्यांदा भांडायच्या, मग दमल्या. पुढे पुढे तर काका दिसले की त्या स्वतःच हात पुसायचे कागद बाहेर आणून ठेवायच्या. मला म्हणायच्या, "अंकल को बोलने से कुछ नहीं होता. तू भी छोड दे."

तर दर रविवारी गाडी तिथं न्यायची. इंजिन बंद करायचं. मग दहा मिनिटं थांबायचं, तेल खाली बसू द्यायला. ही दहा मिनिटं म्हणजे शिक्षा. कारण थंडगार वाऱ्यात उभं राहून त्यांचं व्याख्यान ऐकावं लागायचं. मग डिपस्टिक काढायची. ते तिला पट्टीच म्हणायचे. ती पुसायची. परत पूर्ण आत घालायची, परत काढायची. "पहिलं वाचन धरायचं नाही. पहिलं सगळं उडालेलं, लागलेलं असतं. पुसून दुसऱ्यांदा घाल, मग जे येईल ते खरं." आणि शेवटी आदेश: "वाच. मोठ्यानं."

"खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे."

"कुठं मध्ये? नीट सांग."

"वरच्या खुणेच्या जरा खाली."

"हां. असं बोलावं. पुसून ठेव."

बरं, तुम्हाला एवढी हौस आहे तर तुम्हीच वाचा की! पण नाही. पट्टी स्वतः काढायची, उजेडाकडे धरायची, वास घ्यायचा, तेल बोटावर चोळायचं, आणि वाचायला मात्र दुसऱ्याकडे द्यायची. बेनची पुतणी आली तर तिच्याकडे, समोरचा म्हातारा गोरा आला तर त्याच्याकडे. मला वाटायचं, मास्तरकी अंगात मुरलीय, सगळ्यांची परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी दातओठ खात वाचायचे.

त्या फडक्याचीही गोष्ट आहे. माझा एक फिकट गुलाबी सुती कुर्ता होता, आईनं तुळशीबागेतून घेऊन पाठवलेला. दोरीवर वाळत घातलेला नाहीसा झाला. वेलिंग्टनचा वारा, गेला असेल उडून, म्हणून मी गप्प बसले. पुढच्या रविवारी काका पट्टी पुसायला लागले आणि त्यांच्या हातात माझ्या कुर्त्याची बाही!

"काका! हा माझा कुर्ता आहे!"

"आहे ना. कुंपणापाशी पडला होता. मऊ सुती आहे, धागे सुटत नाहीत. हल्ली असं कापड मिळत नाही."

मी गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. त्यांनी काचेवर टकटक करून मला वाचायला बाहेर बोलावलं.

तेल कमी असलं तर ते घालणं हा वेगळा सोहळा. दुधाची प्लास्टिकची बाटली कापून केलेलं नरसाळं. तेल कुठलं, ते गाडीच्या पुस्तकात बघून; शेजाऱ्याच्या गाडीत जे घालतात ते आपल्या गाडीत नाही. आणि घालायचं ते औषधासारखं थोडं थोडं. थोडं घाल, थांब, पट्टी पुस, वाच. परत थोडं. माझ्याआधी त्या खोल्यांत नाशिकचा एक मुलगा राहायचा. त्यानं म्हणे घाईत अख्खा कॅन ओतला होता, टाकी फुल्ल करायची म्हणून. त्याची गोष्ट काका अशी सांगायचे, जशी लोक घरातल्या अपघाताची सांगतात.

"आपल्या लोकांची खोडच आहे ही," ते म्हणायचे. "पानात वाढायची सवय. अजून थोडं, अजून थोडं, माझ्याखातर थोडं! अरे, इंजिन म्हणजे काय जावई आहे आग्रह करायला? कमी तेलानं मरतं, तसं जास्त तेलानंही मरतं. दोन खुणा कशाला दिल्यात? मध्ये राहा म्हणून."

माझ्या मुलाखतीच्या दिवशी तर कहर झाला. चांगल्या कंपनीत बोलावलं होतं, मी इस्त्रीचे कपडे घालून निघाले, आणि काका ड्राइव्हवेच्या तोंडाशी हात आडवा करून उभे.

"रिमुटाकाचा घाट ओलांडणार आहेस का?"

"नाही हो काका, स्टेशनपर्यंत जाणारेय फक्त! ट्रेन चुकेल!"

"डेअरी वाटेवरच आहे."

मी मुलाखतीला गेले ती बाहीवर काळा डाग घेऊन. नोकरी मिळाली, पण त्याचं श्रेय काकांना नाही. त्यांनी मात्र घेतलं.

आता हे सगळं मी इतकी वर्षं का सोसलं? एक म्हणजे भाडेकरूला दुसरीकडे जायचं तर जागा शोधावी लागते, आणि माझ्या अंगात आळस. दुसरं म्हणजे ताई. ताई म्हणजे त्यांची मुलगी. शाळकरी वयात इकडे आलेली, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करायची आणि इंग्रजीत संपवायची. तिनं पहिल्याच भेटीत मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"लुक, बाबांनी मला प्रॉमिस केलंय. गाडीचा एकदा जरी घोळ झाला, तर घर विकायचं आणि टौरंगाला यायचं. पंचाहत्तरीनंतर तसाही लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो. तू फक्त लक्ष ठेव, ओके?"

काकांनाही हे माहीत होतं की मला हे माहीत आहे. या टेकडीवर गाडीशिवाय राहता येत नाही. दूध आणायला उतराल, पण वर कसे चढाल? गाडी आहे तोवर घर आहे, हे साधं गणित होतं. आणि त्या घरावर त्यांचा जीव होता. मागच्या अंगणात काकूंनी लावलेलं लिंबाचं झाड होतं, दक्षिणेच्या बर्फाळ वाऱ्यात कसंबसं तगलेलं. त्याला ते रोज सकाळी पाणी घालायचे आणि त्याच्याशी माझ्याबद्दल तक्रारी करायचे. मी खिडकीतून ऐकलंय.

ताईचा अधूनमधून फोन यायचा. "बाबा कसे चालवतात?" मी म्हणायचे, "चालवतात नीट. डोकं खातात फक्त." आणि ते खरंच होतं. जरा सावकाश चालवायचे, पाऊस असला तर काढायचेच नाहीत, पण म्हाताऱ्या माणसानं एवढं करावंच.

मग तो दसरा आला.

आमच्याकडे, पृथ्वीच्या या खालच्या अर्ध्यात, दसरा वसंतात येतो, म्हणजे वारा अंगावरचे कपडे ओढून नेईल इतपत वसंतात. जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. ताई टौरंगाहून आली होती, रेशमी साडी नेसून. श्रीखंडाची जबाबदारी माझ्यावर. दोन दिवस चक्का टांगून मी हा एवढा मोठा डबा भरून केलं होतं. आणि काकांनी जाहीर केलं की सगळ्यांना ते स्वतः नेणार, त्यांच्या गाडीतून. ताई माझ्याकडे बघते, मी ताईकडे. ती म्हणाली, "लेट हिम." मला कळलं, आज ही बघणार आहे.

त्यांनाही कळलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी जुनं तेल काढून नवं भरलं होतं, गाडी धुतली होती. दसऱ्याला सकाळी बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूची माळ. टेकडीवर नारळ फोडला तर घरंगळत हटमध्ये जाईल म्हणून पूजासुद्धा डेअरीसमोर! बेननं प्रसाद घेतला, दुकानातून केळी आणून दिली. मग काकांनी पट्टी काढली. सवयीनं मी हात पुढे केला.

"आज मी वाचणार," काका म्हणाले. "तू श्रीखंड सांभाळ."

मला बरंच वाटलं. सुटले एकदाची! लांब उभी राहून मी बघत होते. त्यांनी पट्टी पुसली, घातली, काढली, डोळ्यांजवळ नेली. "कमी आहे जरा." नरसाळं लावलं, ओतलं. थांबले. परत पट्टी. "अजून कमी." परत ओतलं. तिसऱ्यांदाही तेच. मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण हा माणूस टोपणानं मोजून तेल घालणारा.

"काका, मी बघू का?"

"इंजिनं तपासत आयुष्य गेलं माझं. बस गाडीत."

बसले. ताई पुढे, मी मागे डबा मांडीवर घेऊन. समुद्राच्या कडेच्या सपाट रस्त्यानं छान गेलो. काकांनी गाणंसुद्धा गुणगुणलं. मग न्गौरंगाचा चढ लागला, आणि अर्ध्यावर मी सहज मागे वळून पाहिलं तर मागचा रस्ताच दिसेना. निळसर पांढरा धूर. मागचा ट्रक भोंगा वाजवतोय.

"बाबा! पुल ओव्हर! बाबा!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली उतरलो तर वारा असा की माळेतला झेंडू एकेक करून सुटायला लागला. जळक्या तेलाचा वास. मी म्हटलं, "काका, पट्टी काढा, बघू तरी."

काका हाताची घडी घालून उभे राहिले. "चढावर वाचत नाहीत."

मी आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर इतकी ओरडले नव्हते. "अहो गाडीतून धूर निघतोय! श्रीखंड उन्हात आहे! ट्रक अंगावरून जातायत! आणि तुम्हाला सपाट जागा हवीय?"

"चढावर वाचलेलं खोटं असतं," ते म्हणाले.

शेवटी गाडी उचलून नेणाऱ्याला फोन केला. एक धिप्पाड माओरी माणूस आला, ट्रकमधून उतरला, माळ, हळदकुंकू आणि रेशमी साडी बघून म्हणाला, "किआ ओरा! लग्न काय गाडीचं आहे?" कुणी हसलं नाही. कुठं न्यायची विचारलं, तर आम्ही काही बोलायच्या आत काकांनी डेअरीचा पत्ता सांगितला. गॅरेज नाही, घर नाही, डेअरी! "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. त्याच्या केबिनमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो. श्रीखंडाचा डबा माझ्या मांडीवर, ताईचं तोंड खिडकीकडे. काका सगळ्या वाटेत गुडघ्यावरचं हळदकुंकू झटकत होते.

बेन धावत बाहेर आल्या. गाडी बरोबर त्या जागेवर उतरवली गेली. काकांनी ट्रकवाल्याचे आभार मानले, शांतपणे बॉनेट उघडलं, माझ्या कुर्त्याची बाही काढली. पट्टी काढली, पुसली, पूर्ण आत घातली, परत काढली. आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्यापुढे धरली.

"वाच. मोठ्यानं."

ताई शेजारी येऊन उभी राहिली. मी पट्टी उजेडात तिरकी केली. नवं तेल, पाण्यासारखं स्वच्छ, मधाच्या रंगाचं. पट्टीच्या धातूवर ते असून नसल्यासारखं. पण कड दिसत होती, वरच्या खुणेच्या पार वर.

ताईला त्या पट्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी "बरोबर आहे" म्हटलं असतं तर इंजिन जुनं, सील गेला असेल, असं काहीतरी होऊन सगळं मिटलं असतं. मेकॅनिकनं जास्तीचं तेल काढून टाकलं असतं. काका घरी, लिंबाचं झाड अंगणात, रविवारी परत दारात. माझ्या तोंडाशी आलं होतं ते. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत वाचव वगैरे काही नव्हतं. नेहमीचाच मास्तर उभा होता.

"वर आहे, काका."

"किती? नीट सांग."

"वरच्या खुणेच्या बोटभर वर. जास्तच."

त्यांनी पट्टी घेतली. अंगठा खुणेवरून वर वर नेला, तेल चोळलं. मग ताईकडे वळले.

"तिन्ही वेळा मला पट्टी कोरडी दिसली गं. नवं तेल दिसतच नाही मला. काळं झालं की दिसतं. तेही हल्ली नाही दिसत."

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते सगळे रविवार. बेनची पुतणी, समोरचा म्हातारा, पार्सलवाला, मी. परीक्षा कसली, या माणसाला डोळे हवे होते!

"अहो मग सांगायचं ना!" मी परत ओरडले. "तोंड नव्हतं तुम्हाला? मी रोज वाचलं असतं! दिवसातून दोनदा वाचलं असतं!" आणि ओरडता ओरडता मला रडूच आलं. ताई रेशमी साडीनिशी दुकानाच्या पायरीवर बसली. काका म्हणाले, "हिला पाणी दे गं कुणीतरी," जसं काही घोळ मीच घातला होता. बेननं सगळ्यांसाठी चहा केला. श्रीखंड आम्ही तिथंच खाल्लं, दुकानातल्या ब्रेडला लावून. पातळ झालं होतं.

आणि डोळ्यांना झालं काय होतं? मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. लोक सकाळी जाऊन करून येतात आणि संध्याकाळी टीव्ही बघतात. गावभरच्या गाड्यांची पट्टी काढणारा हा माणूस स्वतःचे डोळे तपासायला गेला नाही, का, तर डॉक्टर गाडी बंद करील आणि ताईला कळेल. मी कपाळाला हात लावला.

ऑपरेशनं झाली. झकास झाली. डॉक्टरनं सांगितलं, खुशाल चालवा. ताईसुद्धा विरघळली, "बाबा, तुम्हाला राहायचं तर राहा." आणि काका खोक्यांत भांडी भरायला लागले!

"घोळ झाला तर येईन म्हणालो होतो. झाला."

"पण आता दिसतंय ना तुम्हाला!"

"टेस्टर ना तू? नापास झालेलं परत पास करतेस?"

"दुरुस्त केल्यावर परत टेस्ट घेतात, काका! हेच करते मी दिवसभर!"

जरा वेळ ते एक कढई कागदात गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तू खरं वाचलंस ना, मग मी शब्दावरून कसा फिरू? आणि तिचा ड्राइव्हवे सपाट आहे म्हणे." लिंबाचं झाड त्यांनी मुळांसकट काढून नेलं. मरणार, असं मी सांगितलं होतं. टौरंगाच्या उबेत ते आता माजलंय.

मी जॉन्सनव्हिलला राहायला आले. वाटलं, संपली कटकट. कसली संपतेय! रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. अंथरुणातून उठायचं, जँडल्स अडकवायच्या, फोन घेऊन गाडीशी जायचं. परवा मी चिडून फोन पट्टीच्या अगदी जवळ धरला.

"मागचं चाक खाली गेलंय, गाडी उतारावर आहे तुझी," पलीकडून आवाज. "आणि हे फडकं सुती नाही."

"इतकं स्वच्छ दिसतंय ना काका आता? मग तुम्हीच वाचा की!"

ते पडद्याच्या जवळ आले. मागे लिंबाचं झाड हलताना दिसत होतं.

"दिसतंय गं मला," ते म्हणाले. "तरी तू वाच."

मी गाडी सपाट जागेवर नेली, दहा मिनिटं थंडीत थांबले, आणि वाचलं. मोठ्यानं.